जुन्या डिझेल गाडीचा कडक ब्रेक : बूस्टर व व्हॅक्यूम यांची तपासणी

जुन्नर-ओतूर भागातील टोमॅटो माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात जातो. नाशिककडील भाजीपाला कसारा घाटाने मुंबईस पोहोचतो, तर कराड-पाटणकडून चिपळूणास जाणाऱ्या गाडीला कुंभार्ली घाट उतरावा लागतो. ह्या वाहतुकीचा मोठा भार जुन्या डिझेल जीप, पिकअप आणि लहान टेम्पो ह्यांनी उचलला आहे. इंजिन दणकट असल्यामुळे ह्या गाड्या पंधरा-पंधरा वर्षे काम देतात. मात्र इंजिन नीट चालते म्हणजे गाडी नीट आहे, असा जो समज सर्वत्र आढळतो तो घातक होय. प्रस्तुत लेखकास ह्याचा अनुभव एका घाटातच आला.

पीक-प्रात्यक्षिकांच्या पाहणीसाठी आम्ही एका जुन्या डिझेल जीपने डोंगरी भागात फिरत होतो. चार दिवसांपासून चालकासमोरील फलकावर बॅटरीच्या चिन्हाचा तांबडा दिवा मधूनमधून लागत असे. “साहेब, बॅटरी जुनी झालीय. गाडी स्टार्ट होतेय तोवर काळजी नाही,” असे चालकाने सांगितले व मीही ते मान्य केले. पाचव्या दिवशी घाट उतरताना दिवा लागला तो विझलाच नाही. पहिल्या वळणावर ब्रेक नेहमीसारखा लागला, दुसऱ्या वळणावर जड वाटला आणि तिसऱ्या वळणावर चालक ओरडला, “साहेब, ब्रेक दगड झालाय!” गाडी सुदैवाने दुसऱ्या गिअरमध्ये होती. त्याने दोन्ही पाय पेडलवर रोवले, गाडी मंदावताच पहिला गिअर टाकला, मी हँडब्रेक हळूहळू ओढत गेलो आणि डोंगराच्या बाजूच्या चराला चाक लावून आम्ही थांबलो. बॉनेट उघडले तो फॅन बेल्ट तुटून खाली लोंबत होता. बॅटरीच्या दिव्याचा आणि ब्रेकचा काय संबंध, हा प्रश्न कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढलेल्या माणसाला तोवर कधी पडला नव्हता.

बूस्टर काय करतो

चालक पेडल दाबतो तेव्हा एक दांडा पुढे सरकतो व मास्टर सिलेंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब देतो. तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. माल भरलेली गाडी थांबविण्यास केवळ माणसाच्या पायाचा जोर पुरा पडत नाही. म्हणून पेडल आणि मास्टर सिलेंडर ह्यांच्या मध्ये जेवणाच्या ताटाएवढ्या व्यासाचा एक चपटा, काळा, पत्र्याचा डबा बसविलेला असतो. हाच बूस्टर होय. काही जुन्या गाड्यांत तो बॉनेटखाली न ठेवता खाली चासीलगत बसविलेला आढळतो. बेल्जियमचे अभियंते अल्बर्ट देवांद्र ह्यांच्या कल्पनेवरून असा साहाय्यक ब्रेक जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२७ साली बाजारात आणला. पुढे त्याची घडण पुष्कळ सुधारली, परंतु मूळ तत्त्व तेच राहिले.

ते तत्त्व विहिरीवर पंप चालविणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहे. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. वास्तविक पंप नळीतील हवा काढून टाकतो व विहिरीतील पाण्यावर पडलेला बाहेरच्या हवेचा दाब ते पाणी वर ढकलतो. बूस्टरमध्येही असेच घडते. डब्याच्या मध्ये एक रबरी पडदा असतो. ब्रेक न दाबलेल्या स्थितीत पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा काढून घेतलेली असते, म्हणजे दोन्हीकडे व्हॅक्यूम असतो व पडदा स्वस्थ राहतो. पाय पेडलवर पडताच आतील झडप दोन कप्प्यांमधील वाट बंद करते आणि चालकाच्या बाजूच्या कप्प्यात बाहेरची हवा आत घेते. आता एका बाजूस हवेचा दाब व दुसऱ्या बाजूस पोकळी, म्हणून पडदा पुढे रेटला जातो व त्याबरोबर मास्टर सिलेंडरचा दांडाही.

हा रेटा किती असतो, ते साध्या गणिताने कळते. २३ सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१५ चौरस सेंटिमीटर भरते. गेजवर पाऱ्याचे ५०० मिलिमीटर इतका व्हॅक्यूम असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.६८ किलोचा भार पडतो. म्हणजे एकूण भार २८० किलोंच्या घरात जातो. पोत्याच्या भाषेत सांगायचे तर ५० किलोंची साडेपाच पोती चालकाच्या पायाला मदत करीत असतात. व्हॅक्यूम गेला की ही पोती एकदम नाहीशी होतात. ब्रेक तेव्हाही लागतो, कारण पेडलचा दांडा बूस्टरमधून सरळ मास्टर सिलेंडरपर्यंत पोहोचतो. परंतु त्यासाठी नेहमीच्या कित्येक पट जोर लावावा लागतो. ज्याला हे ठाऊक नाही तो घाबरून पाय काढून घेतो, आणि खरा अपघात तेथेच होतो.

डिझेल गाडीला पंप का लागतो

पेट्रोल इंजिनात आत जाणारी हवा एका पाकळीने अडविलेली असते. चालकाने अॅक्सिलरेटर सोडला की पाकळी मिटते, इंजिन हवा ओढत राहते आणि आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. डिझेल इंजिनात अशी पाकळी सामान्यतः नसते. त्याचा वेग हवेवर नव्हे तर डिझेलच्या मात्रेवर ठरतो व हवा मोकळेपणाने आत जाते. म्हणून पेट्रोल गाडीला व्हॅक्यूम फुकट मिळतो, डिझेल गाडीला तो कमवावा लागतो. त्यासाठी इंजिनावर एक छोटा व्हॅक्यूम पंप असतो.

हा पंप पुष्कळशा जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या, म्हणजे गॅरेजमध्ये ज्यास डायनामो म्हणतात त्याच्या, पाठीस जोडलेला असतो व त्याच्याच दांड्यावर फिरतो. अल्टरनेटर फिरतो फॅन बेल्टवर. बहुधा त्याच बेल्टवर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही असतो. त्यामुळे बेल्ट सैल झाला किंवा तुटला की तीन गोष्टी एकदम बिघडतात : बॅटरी भरणे थांबते, इंजिन तापू लागते आणि ब्रेकची मदत संपते. पैकी सर्वांत आधी दिसतो तो तांबडा दिवा. आमच्या जीपमध्ये चार दिवस लागणारा तो दिवा बॅटरीविषयी नव्हे, तर घसरणाऱ्या बेल्टविषयी सांगत होता. काही इंजिनांत व्हॅक्यूम पंप दातेरी चाकावर किंवा कॅमशाफ्टवर थेट चालतो. तेथे बेल्टशी त्याचा संबंध नसतो. आपल्या गाडीत कोणती रचना आहे हे प्रत्येक मालकाने एकदा बॉनेट उघडून पाहून ठेवावे. बूस्टरला आलेली जाड रबरी नळी धरून मागे मागे गेल्यास पंप सापडतोच.

ज्यांच्या गोठ्यात दूध काढण्याचे यंत्र आहे त्यांना हा पंप नवा नाही. त्या यंत्राचा पंपही बहुधा पात्यांचाच असतो व गाईच्या सडावर साधारण ३०० ते ३७५ मिलिमीटर व्यॅक्यूम ठेवतो. गाडीच्या पंपाला त्याहून बरेच अधिक काम करावे लागते, आणि दोन्ही पंपांना वंगण वेळेवर लागते.

कडक की मऊ?

तपासणीस आरंभ करण्यापूर्वी तक्रार नेमकी कोणती ते ठरविले पाहिजे. ‘ब्रेक लागत नाही’ ह्या तीन शब्दांत निदान दोन निराळे आजार लपलेले असतात. पेडल लाकडासारखे कडक लागते, खाली जात नाही व गाडी थांबत नाही, तर संशय बूस्टर, पंप किंवा त्यांमधील नळी ह्यांवर घ्यावा. पेडल मऊ लागते, स्पंजासारखे दबते किंवा पायाखाली सावकाश बुडत जाते, तर दोष ब्रेक ऑइलच्या बाजूस असतो : नळ्यांत शिरलेली हवा, गळती किंवा मास्टर सिलेंडरमधील झिजलेली वॉशर. मऊ पेडलवर बूस्टर बदलून काहीही साधत नाही. गाडी एका बाजूस ओढत असेल तर दोष चाकाशी शोधावा. एवढे मात्र लक्षात ठेवावे की अडकलेले चाक-सिलेंडर किंवा तुकतुकीत झालेले लायनर ह्यांमुळेही गाडी थांबण्यास अधिक जोर लागतो. म्हणून पुढील परीक्षा केल्यावाचून बूस्टरला दोष देऊ नये.

हा भेद रस्त्यावर जीव वाचवितो. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ते भराभर चार-पाच वेळा दाबल्याने थोडा दाब निर्माण होण्याची आशा असते. पेडल कडक झाले असेल तर नेमके उलट करावे. एकदा दाबलेला पाय सोडू नये, कारण प्रत्येक सोड-दाब बूस्टरमधील शिल्लक व्हॅक्यूम खर्च करते. सगळा जोर लावून, लागल्यास दोन्ही पायांनी, पेडल दाबून धरावे, शक्य होताच खालचा गिअर टाकावा आणि हँडब्रेक टप्प्याटप्प्याने ओढावा.

साधनांवाचून तीन परीक्षा

ह्या परीक्षा सपाट जागी, चाकांना दगड लावून व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून कराव्यात. त्यांस पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

पहिली परीक्षा अशी. इंजिन बंद ठेवून पेडल सहा-सात वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील साठा संपून ते कडक होईल. आता पेडल बेताच्या जोराने दाबून धरावे व तसेच धरून इंजिन सुरू करावे. सर्व ठीक असल्यास काही क्षणांत पेडल पायाखाली थोडे खाली जाते. ते जराही हलले नाही, तर बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोहोचत नाही अथवा बूस्टर काम करीत नाही.

दुसरी परीक्षा साठ्याची. इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे व थोड्या थोड्या अंतराने पेडल दाबावे. पहिल्या खेपेस ते खोल व हलके जाते, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस वर वर राहून कडक होत जाते. पहिल्याच खेपेस कडक लागले तर साठा टिकत नाही असे समजावे. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबून हीच परीक्षा पुन्हा करावी. तात्काळ केलेल्या परीक्षेत मदत मिळते पण दहा मिनिटांनी मिळत नाही, तर कोठेतरी बारीक गळती आहे व बहुधा ती एकमार्गी झडपेत असते.

तिसऱ्या परीक्षेत इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे, तसेच धरून इंजिन बंद करावे आणि अर्धा मिनिट पाय हलवू नये. पेडल जागच्या जागी राहिले पाहिजे. ते पायाला वर ढकलू लागले तर दाबलेल्या स्थितीत बूस्टर गळतो आहे.

पेडल दाबताना चालकाच्या पायाजवळ क्षणभर ‘सूंऽ’ असा आवाज येणे स्वाभाविक होय. ती आत शिरणारी हवा असते. पाय स्थिर ठेवल्यावरही, किंवा पाय काढून घेतल्यावरही, तो आवाज चालूच राहिला तर पडदा फाटला आहे किंवा झडप नीट बसत नाही. अशा वेळी पंप अहोरात्र गळक्या पोहऱ्याने पाणी शेंदल्यासारखा राबतो व लवकर झिजतो.

दोष कोठे, हे कसे शोधावे

ह्या बाबतीत गॅरेजमध्ये होणारी घाई शेतकऱ्याला महाग पडते. एका भाजीपाला उत्पादकाच्या पिकअपचा ब्रेक कडक होता. मिस्त्रीने बूस्टर बदलला, पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार आली, तेव्हा दुसरा बूस्टर बसविला. शेवटी दोष निघाला हातभर लांबीच्या नळीत. आधीच्या मालकाने मूळ नळी फुटल्यावर तेथे शेतातील ठिबकची नळी क्लिप लावून बसविली होती. थंड असताना ती ठाकठीक दिसे. इंजिन तापले की मऊ पडे, आतील व्हॅक्यूममुळे चपटी होई व वाट बंद करी. दोन बूस्टरांचा खर्च करण्यापूर्वी इंजिन चालू असताना ती नळी कोणी एकदा पाहिली असती तरी पुरे होते.

म्हणून शोध स्वस्त वस्तूपासून महाग वस्तूकडे न्यावा. प्रथम बेल्ट पाहावा. त्याला तडे आहेत काय, तो तुकतुकीत होऊन घसरतो काय, दोन पुलींच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास बोटभर जाडीहून बराच अधिक दबतो काय, हे इंजिन बंद ठेवून तपासावे. नंतर नळी पाहावी. दोन्ही टोकांशी ती चिरते, क्लिपखाली कापली जाते व ऑइल लागून फुगते. बदलताना व्हॅक्यूमसाठीच बनविलेली, आत दोऱ्याचे वेष्टन असलेली नळी घ्यावी. पाण्याची किंवा फवारणी पंपाची नळी येथे चालत नाही.

गळती शोधताना पुष्कळ जण पंक्चरवाल्याप्रमाणे साबणाचे पाणी लावतात. ट्यूबमधून हवा बाहेर येते म्हणून बुडबुडे दिसतात; येथे हवा आत ओढली जाते, तेव्हा बुडबुडा दिसण्याचे कारणच नाही. त्याऐवजी दीड-दोन हात लांबीच्या रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक जोडांजवळून फिरवावे. जेथे हवा शिरते तेथे स्पष्ट सुसकारा ऐकू येतो. हे करताना पंखा व बेल्ट ह्यांपासून सदऱ्याची बाही, उपरणे, पदर दूर राहतील ह्याची काळजी घ्यावी.

ह्यानंतर एकमार्गी झडप. ही प्लॅस्टिकची छोटी वस्तू बूस्टरच्या तोंडाशी किंवा नळीच्या मध्ये असते. विहिरीतील फूट व्हॉल्व्हचे जे काम तेच हिचे. फूट व्हॉल्व्ह गळका असला की पंप बंद केल्याबरोबर नळीतील पाणी उतरते व दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरावे लागते. ही झडप गळकी असली की इंजिन बंद होताच बूस्टरमधील व्हॅक्यूम निघून जातो. ती काढून स्वच्छ पुसावी व तोंडाने फुंकर घालून पाहावी. बूस्टरच्या बाजूने फुंकल्यास हवा जावी, पंपाच्या बाजूने फुंकल्यास मुळीच जाऊ नये. पुष्कळ झडपांवर बाण असतो. त्याचे टोक पंपाकडे असावे लागते. उलटी बसविलेली झडप ही दुरुस्तीनंतर होणारी एक नेहमीची चूक आहे, आणि तीमुळे नवा बूस्टरही मेल्यासारखा वागतो.

काही लहान मालवाहू गाड्यांत चासीखाली व्हॅक्यूमची निराळी टाकी असते. चिखल व दमट हवा ह्यांनी तिचा सांधा गंजतो. कोकणात जाणाऱ्या गाड्यांची टाकी अवश्य पाहावी. कॉमन रेल इंजिनाच्या गाड्यांत ह्याच पंपावरून धूर-नियंत्रणाच्या झडपांकडे बारीक नळ्या जातात. उंदराने कुरतडलेली असली एखादी नळी ब्रेकचा व्हॅक्यूम खाऊन टाकते व वर इंजिनाची ओढही कमी करते. म्हणून एकेक फाटा तात्पुरता बंद करून परीक्षा घ्यावी. ज्या फाट्याला बंद केल्यावर पेडल सुधारते, दोष त्यातच असतो.

गेज लावून तपासणी

गॅरेजवाल्याकडे व्हॅक्यूम गेज असल्यास अंदाजाचे काम उरत नाही. प्रथम पंपाच्या तोंडाशी केवळ गेज लावावे. समुद्रसपाटीच्या आसपास चांगला पंप ६०० ते ७०० मिलिमीटर दाखवितो व अर्ध्या मिनिटाच्या आत काटा पाचशेच्या पलीकडे जातो. गाडीच्या पुस्तिकेत निराळा आकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा. एकटा पंप चांगला आकडा देतो, पण बूस्टर जोडल्यावर काटा खाली येतो, तर पंप निर्दोष असून गळती पुढे आहे. एकटा पंपच तीनशे-चारशेवर अडकत असेल तर पाती किंवा आतील पृष्ठभाग झिजला आहे. नंतर सर्व जोडून, इंजिन चालवून बंद करावे व काट्याकडे पाहावे. १५ सेकंदांत तो २५ मिलिमीटरहून अधिक उतरू नये.

आकडा वाचताना जागेची उंची ध्यानी घ्यावी लागते. हवेचा दाब समुद्रकाठी ७६० मिलिमीटर असतो, पुण्यास साधारण ७१० व महाबळेश्वरास साधारण ६४५. म्हणजे महाबळेश्वरास कोणताही पंप ६४५ च्या वर जाऊच शकत नाही, आणि मुंबईस ६५० दाखविणारा उत्तम पंप तेथे साडेपाचशेच्या आसपास थांबतो. तो सदोष नव्हे. मात्र ह्याचा दुसरा अर्थ असा की घाटमाथ्यावर, उतरणीच्या तोंडाशी, बूस्टरची मदत मुळातच थोडी कमी असते. आधीच दुबळा असलेला पंप तेथे उघडा पडतो.

पंप, ऑइल आणि नाहीसे होणारे ब्रेक ऑइल

पात्यांच्या पंपाला इंजिनाचे ऑइल एका बारीक नळीने मिळते व काम झालेले ऑइल दुसऱ्या नळीने चेंबरमध्ये परत जाते. ऑइलचा पातळ थर पात्यांची झीज थांबवितो, तसेच हवेची गळतीही रोखतो. ऑइल बदलण्यास हयगय झाली व बारीक नळी गाळाने चोंदली की पंप कोरडा फिरून काही दिवसांत निकामी होतो. परतीची नळी दबली वा चोंदली तर पंपात ऑइल साचते, सील फुटते व ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरून तोही जातो. पंप बदलताना ह्या दोन्ही नळ्या साफ न करता नवा पंप बसविणे म्हणजे रोगट रोपाच्या जागी त्याच मातीत दुसरे रोप लावणे होय.

नळीचे बूस्टरकडील टोक काढून बोट फिरवून पाहावे. पंपाजवळ थोडा ओशटपणा असणे चालते. बूस्टरच्या तोंडाशी इंजिन ऑइल आढळले तर एकमार्गी झडप गळते असे समजावे व ती त्वरित बदलावी, कारण खनिज तेलाने पडद्याचे रबर फुगून कुजते.

आणखी एक लक्षण विशेष सावधगिरीचे आहे. ब्रेक ऑइलची बाटली वारंवार भरावी लागते, परंतु चाकांशी, नळ्यांशी वा गाडीखाली कोठेही ओल दिसत नाही. मग ऑइल जाते कोठे? मास्टर सिलेंडरची मागची वॉशर गळत असल्यास ते सरळ बूस्टरमध्ये ओढले जाते, डब्याच्या तळाशी साचते आणि पुढे पंपावाटे इंजिन ऑइलमध्येही मिसळते. एका गळक्या वॉशरमुळे बूस्टर, पंप व इंजिन अशा तिघांची हानी होते. मास्टर सिलेंडर दोन नटांवर बसविलेला असतो. तो सैल करून जरा पुढे घेतला की मागे ओल आहे की नाही ते चटकन दिसते. ओल असल्यास मास्टर सिलेंडर दुरुस्त केल्याशिवाय नवा बूस्टर बसवू नये.

घाटात इंजिन बंद करणे

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये घालून इंजिन बंद करण्याची सवय अनेक चालकांत आढळते. आतापर्यंतच्या विवेचनावरून तिचा धोका स्पष्ट व्हावा. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. बूस्टरमध्ये एक-दोन वेळा पुरेल इतकाच साठा असतो, आणि घाटात वळणे दोनच नसतात. इंजिनाची स्वतःची अडवणूकही नाहीशी होते, म्हणजे सर्व भार तापलेल्या ब्रेकवर येतो. त्यातून किल्ली फिरवून काढली गेली तर पुष्कळ गाड्यांचे स्टिअरिंगही अडकते.

शिवाय बचत होते ही समजूतही बरीचशी चुकीची आहे. गाडी गिअरमध्ये असून अॅक्सिलरेटरवर पाय नसेल व चाकेच इंजिनाला फिरवीत असतील, तेव्हा जुन्या पंपाचा गव्हर्नर किंवा नव्या गाडीतील संगणक डिझेलचा पुरवठा स्वतःच तोडतो. म्हणजे खालच्या गिअरमध्ये उतरणारी गाडी उतारावर जवळजवळ डिझेल खात नाही, उलट व्हॅक्यूम पंप जोराने फिरत राहून ब्रेकची मदत भरपूर ठेवते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नेम आजही उत्तम आहे. गटसभेत ही गोष्ट मांडताना चालकांना दोष देण्याऐवजी त्यांच्यासमोर वरील दुसरी परीक्षा करून दाखवावी. इंजिन बंद केल्यावर तिसऱ्या खेपेस पेडल कसे दगड होते, हे ज्याच्या पायाने अनुभवले त्याला अधिक सांगावे लागत नाही.

दुरुस्तीनंतर

फाटलेल्या पडद्याचा बूस्टर उघडून गावठी किटने जोडणे टाळावे. त्यात मोठी स्प्रिंग दाबलेली असते, डब्याची कड यंत्राने मुडपलेली असते, आणि आतील झडपेचे माप बारीक असते. तो संपूर्ण बदलणे श्रेयस्कर. नवा बसविताना बूस्टरचा दांडा व मास्टर सिलेंडर ह्यांमधील सूक्ष्म फट पुस्तिकेप्रमाणे राखावी. दांडा लांब राहिला तर पाय काढल्यावरही ब्रेक थोडे धरून राहतात. ह्याची खूण अशी की सात-आठ किलोमीटर गेल्यावर चाकाच्या ड्रमजवळ हात नेल्यास तो भाजेल इतका ताप जाणवतो आणि गाडी ढकलल्यास सहज पुढे सरकत नाही.

गाडी गॅरेजमधून घेताना तिन्ही परीक्षा तेथेच, मिस्त्रीच्या समोर कराव्यात. नंतर रिकामी गाडी सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने नेऊन चार-पाच वेळा थांबवावी, इंजिन बंद करून दहा मिनिटे उभी ठेवावी व इंजिन सुरू न करता पेडल एकदा दाबून पाहावे. ते हलके गेले तरच माल भरावा.